सुईचा दिवस, बाटलीचा दिवस

वाणी सरांचे बूट एकाच जोडीतले असूनही कधी एकसारखे दिसले नाहीत. डाव्या बुटाला ते रोज सकाळी पॉलिश करायचे, उजव्याला कधीच नाही. त्यामुळे डावा नवरदेवासारखा चकाकायचा आणि उजवा भेगाळलेला, धुळीनं माखलेला. मी कामावर रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात न राहवून विचारलं, "सर, एका बुटापुरतंच पॉलिश आणलं होतं का?"

"पॉलिश केलं की चामडं जास्त टिकतं, असं सगळे म्हणतात," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "जास्त म्हणजे कशापेक्षा? कुणी बघितलंय? मी बघतोय." आणि खिशातून एक छोटी वही काढून त्यांनी दोन्ही बुटांच्या भेगांची तीन महिन्यांची नोंद मला वाचून दाखवली.

"कशापेक्षा?" हे त्यांचं पालुपद होतं. पेशंट म्हणाला, "साहेब, आज बरं वाटतंय," की हे विचारणार, "कशापेक्षा?" बिचारा पेशंट गोंधळून म्हणायचा, "कालच्यापेक्षा." मग हे वहीत बघायचे आणि सांगायचे, "काल पण तू हेच म्हणाला होतास." माझं नाव तायडे सिस्टर. माझे वडील दीपनगरच्या वीजकेंद्रात होते, कॉलनीतल्या आवाजात वाढलेली मी, कुणाचं ऐकून घेणारी नव्हते. पण ह्या माणसानं माझ्या चहाला देखील सोडलं नाही. "आज चहा छान झालाय सर," म्हटलं की भुवया वर जायच्या. पुढे पुढे मी नुसता कप ठेवून निघून जायची.

खानदेशातल्या एका जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही होतो. ते मेडिसिनचे डॉक्टर, मी त्यांच्या वॉर्डाची सिस्टर. कुठला जिल्हा ते सांगत नाही. धुळ्याचे लोक म्हणतील, जळगावचं असणार. जळगावचे म्हणतील, असले नमुने धुळ्यालाच. दोघांनाही समाधान मिळू दे. काळ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचा. दवाखान्यात औषध कमी, खाटा त्याहून कमी, आणि माणसं मात्र सातपुड्यापासून येत. अशा ठिकाणी डॉक्टर लोक दिवस ढकलतात किंवा बदलीचा अर्ज करतात. वाणी सर अभ्यास करायचे.

अभ्यास म्हणजे पुस्तकातला नव्हे. ह्या उपचारानं किती माणसं बरी होतात, त्या उपचारानं किती, हे मोजायचं. आणि ते केवळ आपल्या वॉर्डात मोजून त्यांचं भागत नसे. सर्जरी, बाळंतपण, हाडं, डोळे, जिथे खाट तिथे वाणी सर वही घेऊन हजर. बाकीचे डॉक्टर त्यांना टाळायचे आणि कुठे परिषदेत निबंध वाचायचा झाला की त्यांच्याचकडे यायचे, कारण सरासरी काढायला दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

आमच्या वॉर्डात कौतिक मामा म्हणून एक जुने शिपाई होते. वॉर्डाच्या दारावर दर शनिवारी ते लिंबू-मिरची बांधायचे. दुसरा डॉक्टर असता तर त्यानं एक तर ती तोडून टाकली असती, नाही तर दुर्लक्ष केलं असतं. सरांनी मामांना सांगितलं, "एक आठवडा बांधा, एक आठवडा बांधू नका." सहा महिने हे चाललं. किती पेशंट दगावले ते सर टिपत होते. शेवटी हिशोब केला, तर लिंबाच्या आठवड्यांत दोन माणसं कमी गेलेली. सर तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "सिस्टर, हा निव्वळ योगायोग आहे." मी म्हटलं, "हो सर." जाता जाता वळून म्हणाले, "पण लिंबू राहू द्या."

सर्जरीत त्यांनी चिघळलेल्या जखमांवर साखर भरायचा अभ्यास लावला. अर्ध्या जखमांना साखर, अर्ध्यांना नेहमीची पट्टी. साखरेनं जखम भरते असं त्यांनी कुठे तरी वाचलं होतं. पहिल्या आठवड्यात मुंग्या आल्या. खाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. दुसऱ्या आठवड्यात साखरच संपली, आणि ती जखमांत गेली नव्हती हे सर्जरीच्या सगळ्या सिस्टरांना ठाऊक होतं. सरांनी कुणालाही बोल लावला नाही. वहीत फक्त लिहिलं: "अभ्यास बंद. साखर चहात गेली." ते पान मी स्वतः पाहिलंय.

बाळंतपणाच्या वॉर्डातून तर त्यांना हाकलूनच दिलं. बाळंतिणीजवळ तिची आई बसली तर कळा सोसायला सोपं जातं की सासू बसली तर, हे त्यांना मोजायचं होतं. सगळ्या सासवा एक झाल्या. एक पारोळ्याकडची म्हातारी तर चप्पल घेऊन उठली. सरांना चपलेचं काही वाटलं नाही. त्यांना वाईट ह्याचं वाटलं की अभ्यासातच खोट निघाली. "पहिलटकरणी सगळ्या माहेरी येतात," ते मला दुःखानं सांगत होते, "त्यांच्याजवळ आईच असणार. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या सासरी, त्यांच्याजवळ सासू. म्हणजे मी आई आणि सासू मोजतच नव्हतो सिस्टर, पहिलं मूल आणि तिसरं मूल मोजत होतो. केवढा गाढव मी!" असं आपल्यालाच गाढव म्हणणारा डॉक्टर मी सबंध नोकरीत दुसरा पाहिला नाही.

ते एकटेच राहायचे. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये एक खाट, एक सायकल आणि वह्या. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायचे, "लग्न केलं की माणूस सुखी होतो म्हणतात. कशापेक्षा?" कौतिक मामांच्या संसाराला तेव्हा तीस वर्षं झाली होती. ते लगेच म्हणायचे, "माले इचारू नका, साहेब." आम्ही हसायचो. सरही हसायचे, पण आवाज न करता.

आता फवारणीच्या दिवसांबद्दल सांगायला हवं. ते सांगताना मला हसू येत नाही.

आमच्याकडे कापूस. पोळ्याच्या आगेमागे कापसावर फवारणी सुरू होते, आणि तेव्हा तर तोंडाला फडकंही न बांधता लोक दिवसभर पाठीवर पंप घेऊन फिरायचे. वारा उलटा फिरला, पंप गळका असला, की विष अंगात. संध्याकाळपासून गाड्या यायला लागायच्या. तोंडातून फेस, अंग घामानं निथळलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्या खोलीचा वास माझ्या साडीतून दोन महिने जायचा नाही. ह्या विषावर उतारा एकच, अ‍ॅट्रोपिन. ते पुरेसं गेलं की तोंड कोरडं पडतं, माणूस वाचतो, पण भ्रमात जातो. खाटेला पट्टीनं बांधलेले ते शेतकरी हात वर करून हवेतला कापूस वेचत राहायचे. वेचायचे आणि ओच्यात टाकायचे. पहिल्या वर्षी ते बघून मी दवाखान्याच्या मोरीत जाऊन रडले होते.

अ‍ॅट्रोपिन द्यायच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे दर पाव तासानं सुई. दुसरी म्हणजे सलाइनच्या बाटलीत घालून थेंब थेंब सतत. औषध तेच. कुठल्या रीतीनं जास्त माणसं वाचतात? सरांनी मोठ्या साहेबांची परवानगी काढली आणि अभ्यास लावला. एका खोलीत दोन रीती चालवल्या तर आमचा गोंधळ उडणार, म्हणून दिवस वाटून घेतले. एक दिवस येईल त्या पेशंटला सुई, दुसऱ्या दिवशी येईल त्याला बाटली. सकाळी आठला आमची ड्यूटी बदलायची, तेव्हाच दिवसही बदलायचा. एकदा लागलेली रीत त्या पेशंटला शेवटपर्यंत.

आता बाटली म्हटलं की आपल्या लोकांचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. ताप असो, अशक्तपणा असो, बाटली चढवली तरच उपचार झाला. सुई काय, ती कुणीही टोचतो. पण खरं सांगते, लोकांचं सोडा, मलाही बाटलीचाच दिवस आवडायचा. बाटलीच्या दिवशी थेंब मोजून दोन मिनिटं बसता यायचं. सुईच्या दिवशी सात-आठ पेशंट, प्रत्येकाला पाव तासानं सुई. एकाची झाली की दुसऱ्याची वेळ. पाय सुजून चप्पल घट्ट व्हायची.

अशाच एका सुईच्या दिवशी धनराज नावाचा एक तरणा शेतकरी आला. सोबत त्याची बायको विमल. हिंमतीची बाई. नवरा हवेत कापूस वेचतोय आणि ही त्याच्या तोंडावरून ओला हात फिरवतेय. दुपारी मी त्याला कितवी तरी सुई द्यायला वाकले, तर ती म्हणाली, "सिस्टरबाई, पलीकडना माणूसले बाटली लावेल शे. आमना माणूसले नुसत्या सुया काबर टोची ऱ्हायनात?"

पलीकडचा माणूस आदल्या दिवशी आलेला, म्हणून त्याला बाटली. हे तिला नीट समजावून सांगायला हवं होतं. औषध दोन्हींत एकच, कुठली रीत बरी ते डॉक्टरांनाही अजून ठाऊक नाही, हे सांगायला किती वेळ लागला असता? पण मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "आज सुईचा दिवस आहे बाई. उद्या आठनंतर आणलं असतं, तर बाटली लागली असती."

धनराज पाचव्या दिवशी चालत घरी गेला. जाताना विमलनं मला मुगाच्या शेंगा दिल्या, पदरात बांधून आणलेल्या. मी त्या घरी नेऊन खाल्ल्या.

पुढच्या पंधरवड्यात फाटकाशी एक म्हातारा कौतिक मामांना विचारत होता, "आज बाटलीना वार शे का सुईना?" मामांनी वॉर्डात येऊन ते सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. मग एसटीचे कंडक्टर विचारायला लागले. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं, लोकांना ती सवयच. आज कुणाकडे पाणी, उद्या कुणाकडे, हे सगळ्यांच्या तोंडपाठ असतं. तशीच बाटलीही एक दिवसाआड येते, एवढंच त्यांना कळलं, आणि त्यांनी ते ध्यानात ठेवलं.

सरांच्या वहीत हे सगळं दिसत होतं. तेच तर मला अजून सहन होत नाही. एक दिवस वही घेऊन माझ्याकडे आले. "सिस्टर, बाटलीच्या दिवशी सव्वाआठला एकदम चार-चार पेशंट कसे येतात? आणि सुईच्या दिवशी इतके थोडे? सुईच्या दिवशी लोकांना विष कमी बाधतं की काय?" त्यांना वाटलं, गाड्यांच्या वेळांचा काही संबंध असेल. एसटी स्टँडवर जाऊन त्यांनी सगळं वेळापत्रक उतरवून आणलं. यावल, चोपडा, शिरपूर, साक्री, सगळ्या गाड्या. दोन दिवस ते जुळवत बसले होते. जुळेना.

मला ठाऊक होतं. मामांनाही ठाऊक होतं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो आणि गप्प राहिलो. सरांची गंमत वाटत होती. आणि मनात हेही होतं की सांगितलं, तर पहिल्यांदा कोण बोललं ते निघेल.

मग एका बाटलीच्या दिवशी सकाळी आठचा ठोका पडला आणि बैलगाडी आत आली. बरोबर आठला. मी नुकतीच बाटल्या मांडत होते. धनराज धावत पुढे आला. त्याच्या हातांवर विमल होती, गोधडीत गुंडाळलेली. पंपात औषध कालवून द्यायचं काम तिच्याकडे असायचं. आदल्या संध्याकाळी पंप तिच्या अंगावर कलंडला होता, आणि ती तसल्याच ओल्या लुगड्यानं भाकऱ्या थापत बसली होती.

सर आणि मी तिच्यावर पाऊण तास खपलो. बाटली लावली, सुया दिल्या, दोन्ही. अभ्यास कुणाला आठवत होता? छाती दाबून सर घामाघूम झाले तरी थांबेनात. शेवटी मीच त्यांचा हात धरला.

धनराज दाराशी उभा होता. सरांनी त्याला बाकावर बसवलं, शेजारी बसले, आणि सवयीनं विचारलं, "घरून कधी निघालात?"

"पहाटेच निंघनूत साहेब."

"इथं किती वाजता पोचलात?"

"सहा वाजेल व्हतात."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग दोन तास कुठे होतात?"

"फाटकना भाईरच." धनराजनं हात करून कडुलिंबाचं झाड दाखवलं. "आठ वाजानी वाट देखी ऱ्हायंतूत. आज आठ वाजता बाटलीना दिन लागस ना, साहेब. तवपावत सुईना व्हता. माले सुया लागेल व्हत्यात, मी भोगेल शे ते. म्हनं, हिले तरी बाटली भेटू दे."

सर रोज सकाळी सायकलवर चक्कर मारून पावणेआठला त्याच फाटकातून यायचे. लिंबाखालची गाडी त्यांनी पाहिली होती. बाह्यरुग्ण विभाग आठला उघडतो, त्यासाठी लोक बसतातच. त्यांना वाटलं तसलेच कुणी असतील. ते मला त्यांनी नंतर, पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

"हे तुला कुणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

धनराजची नजर माझ्याकडे वळली. "हिले ह्या सिस्टरबाईनी..."

"मी सांगितलं होतं," सर मध्येच म्हणाले. "तू भ्रमात होतास तेव्हा. राउंडच्या वेळी तुझ्या बायकोला मीच सांगितलं होतं."

"तुम्ही का, साहेब?"

"हो. मीच."

धनराज बाकावरून उठून सरांसमोर उभा राहिला. मला वाटलं, आता हा हात उगारणार. उगारला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "आमनीच चूक व्हयनी, साहेब. आम्ही लवकर उनूत."

लवकर आलो हीच चूक, म्हणत होता. मी तिथून पळाले. आजही कुणी माझ्यापुढे हात जोडले की मी तोंड फिरवते.

अभ्यास त्याच दिवशी बंद झाला. वरून चौकशीला माणूस आला. दिवसांची माहिती बाहेर कशी गेली, असं त्यानं विचारलं. सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की ती त्यांच्याच तोंडून गेली. मी शेजारच्या खोलीत होते. दार उघडून आत जायचं होतं. पण माझी दोन मुलं शाळेत होती, नवऱ्याची नोकरी कायम नव्हती, आणि सगळ्यात खरं कारण म्हणजे मला भीती वाटली. मी आत गेले नाही.

मग एका मोठ्या कॉलेजातले एक प्राध्यापक आले. त्यांनी वह्या चाळल्या आणि म्हणाले, "वाणी, काम चांगलं झालंय. ती बाई तुमच्या अभ्यासात धरायचीच नाही. ती दाखलच झाली नव्हती. ना सुईत, ना बाटलीत. तिला वगळा आणि छापा."

"दाखल झाली नाही म्हणूनच तर गेली," सर म्हणाले. "तिला कुठे धरू ते सांगा."

सरांनी वह्या सुतळीनं बांधल्या आणि जुन्या कागदपत्रांच्या खोलीत नेऊन ठेवल्या. एवढी वर्षं लोक त्यांना विचारत आले, सर, ह्या अभ्यासात शेवटी काय निघालं? त्यांनी कधी सांगितलं नाही. मला एकदाच म्हणाले, "कुठली रीत बरी ते मला ठाऊक नव्हतं सिस्टर. ठाऊक नव्हतं म्हणून तर बघत होतो. आणि त्या माणसाला वाटलं, मला ठाऊक आहे आणि मी एक दिवसाआड देतोय."

त्यानंतर "कशापेक्षा?" त्यांच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. चहा छान झालाय म्हटलं तर नुसती मान हलवायचे. मला ते पालुपद इतकं नकोसं व्हायचं, आणि आता ते गेलं तर मी मुद्दाम त्यांच्यासमोर म्हणायची, आज पेशंट बरे आहेत सर, आज हवा बरी आहे. ते "हो" म्हणायचे. मला रडू यायचं.

पुढच्या वर्षी पोळा झाला आणि एक नवीनच प्रकार सुरू झाला. सर पहाटे साडेपाचला फाटकाबाहेर लिंबाखाली येऊन बसायला लागले. कोण येऊन थांबलंय, गाडीत कोण निजलंय, गोधडीत कोण आहे, स्वतः उठून बघायचे. कुणी म्हणालं, आम्ही नातेवाइकाला भेटायला आलोय, तरी पांघरूण वर करून बघायचे. एकदा गोधडीखाली एक शेळी निघाली, आणि शेळीच्या मालकानं त्यांना चार शिव्या घातल्या. सर म्हणाले, "ठीक आहे, शेळी आहे," आणि पुढच्या गाडीकडे गेले. फवारणीचे दोन-अडीच महिने हा नेम. आठ वाजले की आत जाऊन अंघोळ करून ड्यूटीला. लोक म्हणायचे, उंटावरचा शहाणा आता फाटकावर आला. नवे डॉक्टर त्यांना बिनपगारी वॉचमन म्हणायचे. ते त्यांच्या कानावर गेलंच असणार.

ते निवृत्त झाले. क्वार्टर सुटलं, म्हणून दवाखान्यासमोरच्या गल्लीत एक खोली घेतली. गावी भाऊ होता, शेत होतं, गेले नाहीत. फवारणी सुरू झाली की पहाटे लिंबाखाली हजर. आता आत जायला ड्यूटी नव्हती, त्यामुळे कधी कधी दहा-दहा वाजेपर्यंत बसून राहायचे. त्यांच्या हाताला कुणी लागलं का, म्हणाल तर हो, लागलं. बाटलीचा वार केव्हाच बंद झाला होता, तरी वाट बघत बसणारे संपले नव्हते. कुणी पाहुण्याची वाट बघत, कुणी ओळखीच्या शिपायाची, कुणी अमावास्या टळायची. अशांना हा म्हातारा हाताला धरून आत आणून सोडायचा. ते आले की आम्हाला कळायचं, आज काही तरी गंभीर आहे.

माझी बदली दुसऱ्या गावी झाली तेव्हाची गोष्ट. नव्वदच्या दशकाची निम्मी वर्षं उलटून गेली होती. सामान बांधून झालं होतं. मी पहाटे उठून लिंबाखाली गेले. सर एका मोडक्या खुर्चीवर बसले होते, मफलर गुंडाळून. खूप वाळले होते. मी येताना काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. समोर उभी राहिले आणि सगळं विसरले.

"सर, विमलला ते मी सांगितलं होतं."

ते रस्त्याकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "ठाऊक आहे."

"मग तुम्ही का..."

"त्या दिवशी सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत तुम्ही दोनशेच्या आसपास सुया दिल्या होत्या. वहीत आहे. मीच लिहिलंय." मग म्हणाले, "तुमच्या सुया मोजल्या मी. तुम्हाला पाणी हवंय का, ते विचारलं नाही."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि पदरात तोंड घालून रडले. त्यांनी समजूत घातली नाही, ते त्यांना कधी जमलंच नाही. आपली पाण्याची बाटली फक्त माझ्याकडे सरकवली. उजाडत होतं. रस्त्यानं एक बैलगाडी येत होती, आणि दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक टेंपो थांबल्याचा आवाज आला.

सर गुडघ्यावर हात टेकून उठले. "सिस्टर, तुमची गाडी किती वाजता आहे?"

"नऊला, सर."

"मग मागच्या फाटकाला कोण आलंय तेवढं बघता का?" ते म्हणाले. "इतकी वर्षं दोन्ही फाटकं एकट्यालाच बघावी लागतायत."

मी डोळे पुसले आणि मागच्या फाटकाकडे धावले.